नंबराचे कावळे

विश्रामच्या आयुष्याचं वाटोळं मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्याबद्दल उगाच बरं मत करून घ्यायला नको. वाटोळं केलं म्हणजे त्याला दारूला लावलं असं नव्हे. ते एक वेळ परवडलं असतं, त्या वाटेने गेलेली माणसं परत आलेली मी पाहिली आहेत. मी त्याला कावळे धरायला लावलं.

साल त्रेपन्न. मी डोंबिवलीला राहत होतो आणि मुंबईला एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करत होतो. माझं काम पाखरांचं रक्त तपासण्याचं. उत्तराला, म्हणजे माझ्या बायकोला, शेजारणींनी विचारलं तर ती ‘सरकारी नोकरी आहे’ एवढंच सांगे. पुढचं सांगायची तिला लाज वाटे आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

पाखरांनाही हिवताप होतो. त्यांच्या रक्तातही बारीक जंत असतात. ते रोग माणसाला होत नाहीत, पण पाखरात ते कसे चढतात, कसे उतरतात हे कळलं तर माणसाच्या रोगाबद्दल काही उमगेल, असं आमच्या साहेबांचं म्हणणं होतं. त्यासाठी एकाच पाखराचं रक्त पुन्हा पुन्हा बघायला हवं. कावळा बारा महिने आपला मुलूख सोडत नाही आणि त्याचं रक्त रोगाने भरलेलं असतं, म्हणून कावळा निवडला. धरायचा, पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, पायात नंबराचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. इथवर ठीक. पण एकदा धरलेला कावळा दुसऱ्यांदा सापडायला तो काय सरकारी नोकर आहे?

तेव्हा कोणीतरी मला कोपरच्या विश्रामचं नाव सांगितलं. हा आगरी माणूस, चाळिशीचा. पोरपणापासून मिठागरावर राबलेला. मग खाडीचा बांध फुटला, मिठागर बुडालं आणि हा खाडीत मासे आणि पाणकोंबड्या धरून पोट भरू लागला. किडकिडीत, काळा, डोक्याला कायम लाल रुमाल. बोलायला कमी. पण त्याचे हात बघण्यासारखे होते. माझ्या हातातला कावळा ओरडून सगळा गाव गोळा करी. विश्रामने तोच कावळा माझ्याकडून घेतला की तो गप्प बसे. तीन वर्षांत त्याच्या हातून एका पाखराचं पीस मोडलेलं मला आठवत नाही.

त्याला अक्षरओळख नव्हती. पण कड्यांवर बोट फिरवून फिरवून तो महिनाभरात आकडे शिकला, आणि शिकला तो असा की मला वही उघडावी लागायची तिथे त्याला तोंडपाठ असायचं. एकशे बारा डाव्या पायाने लंगडतो, दोनशे चाळीसने यंदा घरटं पिंपळावर बांधलं. मेलेला कावळा सापडला तर केळीच्या पानात गुंडाळून माझ्याकडे आणी, आणि मी वहीत त्या नंबरावर लाल रेघ मारेपर्यंत उभा राही. मी त्याला एकच नियम शिकवला होता. “विश्रामदादा, आपल्या वहीत ‘बहुतेक’ चालत नाही. नंबर वाचला तरच कावळा दिसला. नंबर नाही, तर कावळा नाही.” त्याने तो नियम गळ्यात माळ घालावी तसा घेतला. लांबून ओळखीचा कावळा दिसला तरी नंबर वाचल्याशिवाय तो मला सांगत नसे.

घाटाची कल्पना माझी.

खाडीच्या काठाला दहाव्याचे पिंड ठेवायची जागा होती. आसपासच्या चार गावांची माणसं तिथे यायची, आणि रोज भात मिळतो म्हणून कावळे तिथून हलत नसत. तेच कावळे, तीच जागा. मला वाटलं, देवच पावला. विश्रामला सांगितलं.

“तिथं नको, मास्तर,” तो म्हणाला. मी शाळेत शिकवत नव्हतो, पण लिहिणारा माणूस म्हणजे त्याच्या लेखी मास्तर. “तिथं येतो तो कावला नसतो.”

“मग काय असतं?”

“मेलेला मानूस असतो.”

मी तेव्हा तिशीतला होतो आणि मला सगळं कळत होतं. माझ्या वडिलांच्या दहाव्याला मी स्वतः घाटावर कावळ्याची वाट पाहत ताटकळलो होतो, आणि शिवल्यावर माझेही डोळे भरले होते. ते सगळं विसरून मी त्याला दोन तास विज्ञान सांगितलं. तो वाद घालणारा नव्हता. शेवटी म्हणाला, “पयला घास मेलेल्याचा. कावला शिवला, मानसं आंघोली करून गेली का मंग उरल्या भातावं आपला जालं. त्याच्या आधी मी दोरीला हात लावनार नाय.” मी कबूल झालो. अर्ध्या गोष्टीला हो म्हणवून घेतलं की उरलेली अर्धी आपोआप होते, हे आम्हा शिकलेल्यांना चांगलं ठाऊक असतं.

जाळं त्याने स्वतः विणलं. सुताचं, तिवराच्या सालीत रंगवलेलं. ते वाळूत पुरून ठेवायचं आणि दोरीचं टोक धरून तिवराच्या झुडपामागे बसायचं. पहिली दोन वर्षं दृष्ट लागण्यासारखी गेली. तीनशेवर कडी घातली. दोनशे सतरा नंबरचा कावळा तर अकरा वेळा सापडला. त्याच्या उजव्या पंखात एक पांढरं पीस होतं. त्याच्या रक्तातला रोग महिन्यागणिक कसा वरखाली होतो याचा आलेख साहेबांनी कचेरीच्या भिंतीवर लावला आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. त्याखाली माझं नाव होतं. विश्रामचं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

कावळे मात्र विश्रामला ओळखू लागले होते. मला नंतर ओळखू लागले, त्याला आधी. तो कोपरच्या वाटेला लागला की झाडावरून एक ओरडे, मग दुसरा, मग सगळी टोळी त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालत घरापर्यंत जाई. लाल रुमाल काढून पांढरी टोपी घातली. दोन दिवसांत टोपीही ओळखली. त्याची बायको सगुणा आधी हसायची. “कावला वरडला का पाव्हना येतो, बोलतान,” ती मला म्हणाली होती. “माझ्या दारान दीडशे वरडतान. एवऱ्यांना भात कुठला घालू, मास्तर?” पदर तोंडाला लावून ती हसली आणि विश्रामही हसला. त्या घरातलं हसणं मला आठवतं ते तेवढंच. मूलबाळ म्हणजे एक मुलगी, कलावती, ठाकुर्लीला दिलेली. घरात ही दोघंच.

तिसऱ्या वर्षी कावळे पिंडाला शिवायला वेळ लावू लागले. भात ठेवला की झाडावर बसून बघत राहत. माणसं उन्हात उभी. मग मेलेल्याची इच्छा काय राहिली असेल याची चर्चा सुरू होई. हात जोडून कोणी म्हणे, तुझ्या नातवाला शिकवू. कोणी म्हणे, तुझी गाय विकणार नाही. एका म्हातारीच्या मुलांनी तासभर नवस बोलून शेवटी परित्यक्ता बहिणीला जमिनीतला तुकडा द्यायचं कबूल केलं, आणि तोंडातून शब्द निघतो न निघतो तोच कावळा शिवला. सगळे रडले. बहीण तर पिंडाला लोटांगण घालू लागली. मी झुडपामागे होतो. माझ्या शेजारचा विश्राम त्याच क्षणी पाणी प्यायला उठून बांधापलीकडे गेला होता, हे मला एकट्याला माहीत होतं.

मी ती गंमत म्हणून साहेबांना सांगितली. ते म्हणाले, “कावळा बसायला आणि फांदी मोडायला. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही.” विश्रामला मात्र ती गंमत वाटली नाही. त्या दिवशी तो बांधापलीकडून परत आला, कोणी काय कबूल केलं ते त्याने विचारून घेतलं, आणि मग जाळं गुंडाळायला लागला. म्हणाला, “मास्तर, लोकांचा कावला आपुन अरवतंव. पुरं झाला.”

मी म्हटलं, अडवत असू, पण मार्चअखेर अहवाल द्यायचा आहे, तेवढं होऊ दे.

त्या श्रावणात सगुणा डोंबिवलीला माझ्या घरी आली. एकटी, कोपरहून चालत, टोपलीत भेंडी आणि शिराळी घेऊन. उत्तराने तिला आत बोलावलं तरी ती दारातच बसली. “यांना सोरा, मास्तर,” ती म्हणाली. “घाटावं बाया मना बघून तोंड फिरवतान. लोकांचा कावला तुमी अरवलाव. आमचा कोन बोलावल?” मी तिलाही मार्चच सांगितला. ती भाजी ठेवून, टोपली उचलून गेली. उत्तराने दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी शब्द काढला नाही, आणि ती भेंडी काही तिने शिजवली नाही.

मार्गशीर्षात सगुणा गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी शुद्ध गेली, डॉक्टर सुई देऊन गेले, संध्याकाळी संपलं. काय ताप होता ते कळलं नाही. शेकड्यांनी कावळ्यांचं रक्त मी काचेवर घेतलं होतं आणि त्या बाईचा एक थेंब बघायला मी तिथे नव्हतो. मला कळलं ते चौथ्या दिवशी, तेही विश्राम घाटावर आला नाही म्हणून मी त्याला बोलवायला गेलो तेव्हा. बोलवायला गेलो होतो, हे लपवत नाही.

मुलगा नसल्याने दहावा विश्रामच करणार होता. तिथून दहाव्यापर्यंत मी एकच विचार करत होतो आणि तो मला कोणाला सांगता येत नव्हता. विश्रामही तोच विचार करत असणार, कारण आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, “मास्तर, दुसऱ्या घाटावं नेलं तर?” मी होय म्हटलं. पण भावकी ऐकेना. सासू-सासऱ्यांचं जिथे झालं तिथेच सुनेचं व्हायचं, असं वडीलधारे म्हणाले, आणि खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. भावकीला निम्मं माहीत होतंच. त्यांनाही त्याने ते आपल्या तोंडाने म्हणायला हवं होतं, असं मला वाटतं.

दहाव्याला ऊन चांगलं होतं. भटजींनी सांगितलं तसं विश्रामने केलं. मुंडण केलेलं डोकं, उघडं अंग. मला क्षणभर वाटलं, आता तरी कावळे ओळखणार नाहीत. त्याने पिंड ठेवला, तिला आवडायचं ते सुक्या बोंबलाचं कालवण ठेवलं आणि मागे सरून हात जोडले. पिंपळावर चाळीसेक कावळे होते. पुष्कळांच्या पायांत माझी कडी होती, उन्हात चमकत होती. एकानेही तोंड उघडलं नाही. ज्या माणसाच्या मागे ते तीन वर्षं ओरडत फिरले, त्याच्याकडे ते त्या दिवशी गप्प बसून बघत होते.

अर्धा तास गेला. कलावतीने म्हटलं, “आये, बाबांना मी बघंन. जेवान घालंन.” नाही. सगुणाचा भाऊ म्हणाला, घर शाकारून देतो. नाही. मग विश्राम पुढे झाला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, “सगुने, मी सोरलं. आजपासून कावल्याला हात लावनार नाय. तुझी आन.” तिची इच्छा ती एवढीच होती, हे तिथे मला आणि त्याला माहीत होतं. ती त्याने बोलूनही दाखवली. तरी पिंपळ हलला नाही.

मी भटजींच्या कानात सांगितलं, याला लांब पाठवा. भटजी समजले. विश्राम बांधापलीकडे जाऊन बसला. मीही गेलो, मलाही ते ओळखत होते. पण उशीर झाला होता. त्याच्या हाताने ठेवलेला भात म्हणजे खाली जाळं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. एक कावळा खाली उतरला, पिंडापासून हातभर अंतरावर चालत गेला, वाळूकडे मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला. बायांच्यात कोणीतरी हुंदका दिला. एक म्हातारी म्हणाली, “बाई तशी गरीब व्हती, काय घेऊन गेली मनान?” विश्राम बांधापलीकडून ते ऐकत होता.

दोन प्रहर टळले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात ती सोय आहे. माणसं आंघोळी करून गेली. मी मागे राहिलो. दिवस मावळेपर्यंत बसलो. कावळा आला नाही. शेवटी दोन कुत्री आली आणि त्यांनी सगळं संपवलं.

पुढचं थोडक्यात. मार्चचा अहवाल गेला. वरून उत्तर आलं की हा रोग माणसाला होत नसल्याने यापुढे खर्च करण्याचं कारण दिसत नाही. काचा लाकडी पेट्यांत भरून माळ्यावर टाकल्या. दोन-तीन पावसांत त्यांना बुरशी आली. माझी बदली पाणी तपासण्याच्या खात्यात झाली. विश्राम नंतर बरीच वर्षं जगला, पण घराबाहेर पडताना डोक्यावरून घोंगडी घेई, आणि वैशाखातही त्याला तसंच जाताना मी पाहिलं आहे. कावळे घोंगडीवर ओरडत जायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्या अकराव्या दिवसाचं. सकाळीच मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. कलावती आत काही निवडत होती. रात्रभर मी ठरवून आलो होतो. त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, “विश्रामदादा, शिवला. तुम्ही सगळे गेल्यावर शिवला. मी मागे थांबलो होतो, ह्या डोळ्यांनी पाहिलं.”

त्याने मान वर केली. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. आत कलावतीचे हात थांबले.

“खरा, मास्तर?”

“अगदी खरं.”

“कऱ्याचा का बिनकऱ्याचा?”

बिनकड्याचा, एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला एकदा रंग चढला की तो हात आखडता घेत नाही. मला त्याला काही पक्कं द्यायचं होतं, उद्या त्याच्या मनात शंका येऊ नये असं. “कडं होतं,” मी म्हणालो.

“नंबर?”

मी ज्याचा आकडा सगळ्यात जास्त वेळा लिहिला होता, तो जिभेवर आला. “दोनशे सतरा,” मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर आलेलं हळूहळू निघून गेलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पाखराला धरायचा तसा, अजिबात न दाबता.

“दोनशे सतरा भादव्यान मेला, मास्तर,” तो म्हणाला. “केलीच्या पानान मीच आनलेला तुमच्याकरं. तुमी लाल रेघ मारलीव, मी उभा व्हतू.”

मला तेव्हा आठवलं. पांढरं पीसही आठवलं.

मी काही बोलणार तेवढ्यात त्याने हात काढून घेतला आणि आत बघून म्हणाला, “कलावती, मास्तरांना पानी दे. बरेच लांबून आयलान.”